दिवसपाळीचा पतंग

"जवळपास अ‍ॅस्पेन होतं का?"

मेलमध्ये एवढी एकच ओळ. खाली नाव आणि नावाखाली हुद्दा, काउंटी मॉथ रेकॉर्डर, म्हणजे त्या भागातल्या पतंगांच्या नोंदी तपासणारा माणूस. मी पाठवलेल्या पतंगाच्या फोटोबद्दल चांगला-वाईट एक शब्द नाही. आणि माझी पंचाईत अशी की अ‍ॅस्पेन म्हणजे काय तेच मला माहीत नव्हतं. माझ्या लेखी अ‍ॅस्पेन म्हणजे अमेरिकेतलं ते गाव जिथे पैसेवाले स्कीइंगला जातात, बस. ते एक झाडही असतं हे नंतर कळलं.

ही २०२२ च्या मार्चमधली गोष्ट. आम्ही इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशरमध्ये राहतो, मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, हिमॅटॉलॉजीला, म्हणजे रक्ताचे रिपोर्ट. लॅब चोवीस तास चालू त्यामुळे रातपाळी कोणाला चुकत नाही. आणि रातपाळी करून घरी आलं की लगेच झोप लागत नाही हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, डोळे चुरचुरत असतात पण डोक्याचा भोंगा आपला चालूच. म्हणून मी घरी न जाता परस्पर एखाद्या जंगलाशी जाऊन तासभर चालायला लागले. जंगल म्हणजे आपल्याकडच्यासारखं नाही हं, इथली बरीचशी जंगलं आपल्या एखाद्या मोठ्या देवराईएवढी, फाटक असतं, पाटी असते, कुत्री फिरवणारे आजी-आजोबा असतात. पण शांतता असते आणि मला तेवढीच हवी होती.

त्या दिवशी हँडओव्हरला उशीर झाला, मग वाटेत नाश्ता केला, पोचेपर्यंत साडेदहा. ऊन पडलेलं. झाडांना पान नाही, नुसते खराटे उभे, आणि बर्चच्या झाडांच्या शेंड्याशी काहीतरी नारिंगी भिरभिरत होतं. एक नाही, चार-पाच. मान वर करून बघत बसले तर मानेला कळ लागली. मार्चमध्ये एवढ्या थंडीत फुलपाखरं? पुढे वाटेवर ओल होती तिथे एक खाली येऊन बसलं. वरचे पंख तपकिरी, करड्या पिठाची भुकटी मारल्यासारखे, आणि ते जरा उघडले की खाली झगझगीत नारिंगी. मोबाईलवर फोटो काढला, अ‍ॅपला विचारलं, अ‍ॅपने दोन नावं दिली, दोन्ही पतंगांची. ऑरेंज अंडरविंग, आणि लाइट ऑरेंज अंडरविंग. पहिला सर्रास दिसणारा, दुसरा दुर्मिळ.

आता खरं सांगते, मी दुसरं नाव निवडलं. कारण काय तर माझा मला जरा फिक्का वाटला. लाइट म्हणजे फिक्का, नाही का. आणि दुसरं कारण, जे मेलमध्ये लिहिलं नाही, ते असं की दुर्मिळ निघाला तर बरं वाटलं असतं.

लाज यातलीच वाटली नंतर. कारण माझं पोटच मुळी न दिसणारं न लिहिण्यावर चालतं. ब्लड फिल्म, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, बघताना एखादी पेशी अशी येते की ही नुसत्या तापाने चिडलेली लिम्फोसाइट, म्हणजे साधी पांढरी पेशी, आहे की ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरची कच्ची पेशी, ते पटकन ठरत नाही. पुण्यात शिकत होते तेव्हा आमचे सर म्हणायचे, जे दिसतं ते रिपोर्टमध्ये लिही, जे वाटतं ते चहाच्या वेळी सांग. वीस वर्षं मी हे नव्या पोरांना ऐकवत आले आणि जंगलात गेल्यावर पहिल्याच केसला गडबड. मग रेकॉर्डरना प्रांजळपणे लिहिलं, अ‍ॅस्पेन ओळखता येत नाही, झाडं बर्चची होती. दोन दिवसांनी माझी नोंद बदललेली दिसली. ऑरेंज अंडरविंग अ‍ॅग. अ‍ॅग. म्हणजे अ‍ॅग्रीगेट, म्हणजे या दोघांपैकी कोणीतरी एक, त्याहून जास्त सांगता येत नाही. मला ते फार आवडलं. आमच्याकडे डॉक्टर फोन करून करून जीव खातात, काय ते नक्की सांगा म्हणून, आणि इथे एक माणूस शांतपणे "दोघांपैकी एक" असं लिहून मोकळा होतो.

या रेकॉर्डर लोकांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. १८५२ मध्ये ह्युएट कॉट्रेल वॉटसन नावाच्या वनस्पतीवाल्याने ब्रिटनचे ११२ तुकडे पाडले, व्हाइस-काउंटी म्हणतात त्यांना, सरकारी जिल्ह्यांच्या हद्दी बदलत राहिल्या तरी नोंदींसाठी हे तुकडे आजही तसेच आहेत. आणि या तुकड्यांना पतंगांसाठी कोणी ना कोणी रेकॉर्डर असतो, तोही फुकट, हौसेने. कोणीही काहीही पाठवतं, हे बघतात, शंका विचारतात, मग नोंद राष्ट्रीय योजनेत जाते. ती योजना २००७ पासूनची, आणि २०१९ मध्ये त्यांनी मोठ्या पतंगांचा जो अ‍ॅटलास काढला त्यात अडीच कोटींच्या वर नोंदी आहेत. माझी "दोघांपैकी एक" ही त्यानंतरची, पण आहे कुठेतरी त्या ढिगात.

आपल्याकडे पतंग म्हटलं की दोनच गोष्टी, एक संक्रांतीचा आणि दुसरा दिव्यावर झेप घेऊन मरणारा. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, फुलपाखरू दिवसा, पतंग रात्री, संपला विषय. मी देवरुखची, आमच्या घरी पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती जे जमायचं त्या सगळ्याला आजी सरसकट पाकोळ्या म्हणायची आणि दिवा मालवून जेवायला बसवायची. एकदा अ‍ॅटलास मॉथ आलेला, हात पसरले तर दोन पंज्यांत मावेना एवढा, आजीने त्याला हाकललं नाही, रात्रभर पडवीत तसाच राहू दिला. पण दिवसा उडणारा पतंगही आमच्या परड्यात होता हे मला आत्ता आत्ता कळलं. काळा, पोटावर पिवळे पट्टे, पंखांना काचेच्या खिडक्या असाव्यात तसे पारदर्शक ठिपके, आम्ही त्याला गांधीलमाशी समजून लांबून जायचो. तो हँडमेडन मॉथ. गांधीलमाशी समजून लांबून जावं हाच त्याचा डाव, आणि आम्ही पोरं त्यात बरोब्बर फसत होतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, देशात असं करणारं पहिलं राज्य, छान झालं, पण पतंगांना अजून धड नावंसुद्धा नाहीत मराठीत. इथे ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या जाती ५९ आणि पतंगांच्या अडीच हजारांच्या आसपास, आणि त्यातले दिवसा उडणारे पतंगच मोजले तरी फुलपाखरांपेक्षा जास्त भरतात. म्हणजे दिवस-रात्रीचा तो नियम पार पोकळ. ओळखायचं तर मिशा बघायच्या, फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गुंडी असते, बहुतेक पतंगांची मिशी टोकदार दोऱ्यासारखी नाहीतर पिसासारखी.

मिशा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर हे दोघे. मोठा ऑरेंज अंडरविंग, शास्त्रीय नाव आर्किएरिस पार्थेनियास, पंख पसरून चारेक सेंटिमीटरला जरा कमी. दुसरा त्याच्याहून किंचित लहान, बुदिनोतियाना नोथा. रंगात म्हणाल तर फिक्केपणाचा काही उपयोग नाही, जुना झालेला, खवले झडलेला ऑरेंज अंडरविंग हा ताज्या लाइटपेक्षा फिक्का दिसू शकतो. मोठ्याच्या वरच्या पंखांवर, विशेषतः पुढच्या कडेला, पांढरट खुणा जास्त, लहानाचा पंख जरा सपाट तपकिरी. पण हे सगळं हातात असेल तर. वीस-पंचवीस फुटांवर उन्हात गरगरणाऱ्या ठिपक्यात काय पांढरट बघता.

म्हणून रेकॉर्डर आधी झाड विचारतात. पतंग राहू दे, झाड सांगा. मोठ्याची अळी बर्च खाते, आधी त्याचे तुरे, मग पानं. लहानाची अळी अ‍ॅस्पेन खाते. नर-मादी आपापल्या झाडाच्या शेंड्याशी घिरट्या घालतात, मुक्काम पोस्ट बदलत नाहीत फारसा. बर्च कुठेही उगवतो, अ‍ॅस्पेन इथे दक्षिणेत तुरळक, म्हणून एक सर्रास आणि दुसरा दुर्मिळ, एवढं साधं गणित.

बर्च म्हणजे काय ते माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. भूर्ज. भूर्जपत्रातला भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या जायच्या तो हिमालयातला, आणि हा इथला, एकाच कुळातले. आणि शब्दसुद्धा एकच आहे, भूर्ज आणि बर्च, हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच शब्दाची दोन पोरं. बोलून बघा, कळतं. हे कळल्यावर मला त्या झाडांबद्दल उगीच माहेरचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटायला लागलं. पांढरी कागदासारखी सोलपटं निघतात, मी एकावर लेकीचं नाव बॉलपेनने लिहूनही बघितलं, लिहिता येतं.

आणि अ‍ॅस्पेन म्हणजे इथला पिंपळ. कुळाने नाही हं, वागण्याने. पिंपळाचं पान कसं वारा नसताना सळसळतं, दुपारी पाराखाली बसलं की पाऊस आल्यासारखं वाटतं, तसंच अ‍ॅस्पेनचं. त्याच्या पानाचा देठ चपटा असतो, पात्याला काटकोनात चपटा, त्यामुळे जराशी झुळूक आली तरी पान डावीकडे-उजवीकडे डुलत राहतं. लॅटिन नावातच ट्रेम्युला आहे, थरथरणारा. पण ही सगळी मौज उन्हाळ्यातली. पतंग उडतो मार्च-एप्रिलमध्ये आणि तेव्हा झाडावर पान नसतं, म्हणजे थरथर बघून ओळखायची सोय नाही. मग साल बघायची, करडी-हिरवट, त्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे काळपट खड्डे. आणि खाली जमिनीवर पडलेले राखाडी केसाळ तुरे, मी पहिल्यांदा बघितले तेव्हा सुरवंट समजून बूट मागे घेतला. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. आणि इथे बीपासून क्वचितच वाढतं, मुळांमधून धुमारे फुटत जातात, म्हणजे जंगलाच्या कोपऱ्यात अ‍ॅस्पेनची चाळीस झाडं दिसली तरी कदाचित ते एकच झाड, चाळीस अंगांनी उभं. असा एखादा झुबका तोडला की संपलंच. आणि लाकूड म्हणून मुद्दाम लावावं असं त्यात काही नाही, हरणं कोवळे धुमारे खातात, त्यामुळे जिथे उरलाय तिथे उरलाय.

मी २०२२ चा उन्हाळा अ‍ॅस्पेन शोधण्यात घालवला. पतंग नाही, झाड. पाऊण तासावर विल्टशरच्या हद्दीला लागून एक जंगल आहे, त्यात एका रुंद वाटेच्या कडेला जुलैमध्ये आवाजावरूनच सापडलं. आधी वाटलं पाऊस आला, टोपी सारखी केली, मग वर बघितलं.

२०२३ ला गेले तर ढग. दोन शनिवार गेले, दोन्ही शनिवारी ढग, आणि ऊन नसेल तर हे महाशय हलत नाहीत. २०२४ चा मार्च म्हणजे नुसता रपरप पाऊस आणि चिखल, एका दुपारी दहा मिनिटं ऊन आलं तेव्हा शेंड्याशी एक ठिपका दिसला, दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत गायब. त्याचीही नोंद पाठवली, अ‍ॅग. यावेळी माझ्याच हाताने अ‍ॅग. लिहून पाठवली. झाड अ‍ॅस्पेनचं होतं, मोह झाला होता, पण चाळीस पावलांवर बर्चही उभे होते. शेजारच्या घरातला माणूस अंगणात दिसला म्हणून तो या घरचा होत नाही.

हा पतंग दिवसा का उडतो हा प्रश्न मला रातपाळीवाली म्हणून जास्त छळायचा. मार्चच्या रात्री इथे दव गोठतं, दिवसा ऊन असलं तर झाडाच्या शेंड्याशी चांगलं गरम होतं, हे एक. पण त्यात एक कानाची भानगड आहे ती मला भारी आवडते. पुष्कळ पतंगांना कान असतात, आणि या कुळातल्यांचे कान पोटावर असतात. ते कशासाठी, तर वटवाघळांसाठी. वटवाघूळ जो आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढत शिकार शोधतं, तो ऐकून पतंग सटकतो. आता ऑरेंज अंडरविंग दिवसाच्या उन्हात उडणार, वटवाघळाशी त्याची गाठच पडत नाही, मग त्या कानाचं काय झालं? १९९८ मध्ये डेन्मार्क-स्वीडनच्या संशोधकांनी हे तपासलं. कान गेला नव्हता. पण तो वटवाघळाच्या पट्टीतून उतरून खालच्या, आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्टीवर आला होता. म्हणजे रातपाळी सोडली, पण रातपाळीची हत्यारं अजून अंगावर आहेत, नुसती बोथट झालीत आणि दुसऱ्याच कशाला तरी लागतात. मी हे वाचलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, सेंट्रिफ्यूज फिरत होतं, आणि मला त्या किड्याचा हेवा वाटला.

डोळेही तसेच. रात्रीच्या पतंगांचे डोळे गोल टपोरे, याचे लहान, लांबट. दिवसपाळीला मोठ्या डोळ्यांची काय गरज.

आणि नावांची गंमत सांगायची राहिलीच. मोठ्याला पार्थेनियास हे नाव लिनियसने १७६१ मध्ये दिलं, ग्रीकमध्ये पार्थेनियास म्हणजे कुमारी मातेचा मुलगा, आपला कर्णच म्हणा ना. पुढे १८०३ मध्ये ह्यूब्नरने लहानाला नाव दिलं नोथा, त्याचा अर्थ अनौरस, आणि त्यावरून खोटा, नकली. मला तरी हा लिनियसच्या नावाला जोडून केलेला खट्याळपणा वाटतो. पण परिणाम असा की जो दुर्मिळ, ज्याच्यासाठी लोक दुर्बिणी घेऊन मान मोडून घेतात, त्याचं नाव नकली.

२०२५ चा मार्च मात्र वेगळाच निघाला. इंग्लंडमध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढं ऊन कुठल्याच मार्चमध्ये पडलं नव्हतं. गुढीपाडवा होता ३० मार्चला, रविवारी. आदल्या दिवशी अमावस्या आणि खंडग्रास सूर्यग्रहण, इथे सूर्याचा साधारण तिसरा हिस्सा झाकला गेला, भारतात दिसणारच नव्हतं. तरी आईचा सकाळी फोन, "आमच्याकडे दिसत नाही म्हणजे आम्हाला पाळायचं नाही, पण तुमच्याकडे दिसतंय ना, मग उगाच बाहेर हिंडू नकोस." मी घरात बसले, पण ग्रहणासाठी नाही, श्रीखंडाचा चक्का टांगायचा होता.

आणि त्याच रात्री घड्याळं पुढे. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एकाचे दोन होतात, वर्षातली ही एकच रातपाळी जी तासाने कमी भरते, आणि ती नेमकी माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला आली, माझ्या नाही. पाडवा, घड्याळ, त्यात इथला मदर्स डे, सगळं एकाच रविवारी. सकाळी पडद्याच्या दांडीला गुढी बांधली, फ्रीजरमधला कडुलिंब काढला, मंडळाचा कार्यक्रम तीनला होता, म्हटलं मध्ये जंगलात जाऊन येऊ. लेक म्हणाली मी पण येते. नऊ वर्षांची आहे, परकर-पोलकं घालून तयार होती आणि काढायला तयार नव्हती, मग त्यावर जाड जॅकेट, खाली वेलिंग्टन बूट, परकर वर खोचलेला. कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांनी टोपी काढून नमस्कार केला तिला.

आम्ही अकराला पोचलो, आणि काहीच नाही. ऊन होतं, वारा फार नव्हता, अ‍ॅस्पेनचे शेंडे स्वच्छ दिसत होते, पण एक ठिपका नाही. मी वैतागले, पुन्हा एक वर्ष गेलं म्हणत होते, तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, त्यांना घड्याळ बदललेलं कुठे माहितीये?" खरंच की. माझ्या घड्याळात अकरा, सूर्याच्या घड्याळात दहा. थर्मासमधला चहा काढला, चकल्या काढल्या आणि वाट बघत बसलो. चिफचॅफ नावाचा इवलासा पक्षी आपलं नाव घोकत होता, पिवळं ब्रिमस्टोन फुलपाखरू दोनदा जाऊन आलं.

बाराला दहा कमी असताना पहिला दिसला. मग दुसरा. मग मोजणं सोडलं, सहा-सात असतील, शेंड्याभोवती गोल गोल, मध्येच दोघांची जुंपायची आणि ते वर वर जायचे. खालून नारिंगी असा दिसत नाही, काळसर-विटकरी चमक दिसते, उघडझाप करणारी. आणि फांदीवर बसला की संपलं, नारिंगी मागचे पंख पुढच्या तपकिरी पंखांखाली झाकले जातात आणि तिथे फक्त साल उरते. पक्षी नारिंगी शोधत राहतो आणि नारिंगी तिथे नसतंच. आम्हीही पक्ष्यांसारखेच फसत होतो, लेक ओरडायची तो बघ बसला, आणि मला दुर्बिणीतून नुसती साल.

आता हे खाली कसे यायचे? सूर्याआड ढग यावा लागतो. ऊन गेलं की ते गारठतात आणि खालच्या फांद्यांवर, झुडपांवर उतरतात, हे रेकॉर्डरनीच सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा इंग्लंडमध्ये मी ढग यावा म्हणून आभाळाकडे बघत होते.

आला. मोठा, राखाडी, सावकाश. अ‍ॅस्पेनच्या पुढे वाटेच्या कडेला सॅलोचं झुडूप होतं, आपल्याकडच्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद, त्याला तेव्हा पिवळे परागांचे गोंडे आलेले असतात आणि या दिवसांत कोणालाही खायला मिळणारी ती जवळजवळ एकच खानावळ. त्यावर एक उतरला. जाळी माझ्या हातात, पण माझी उंची पाच फूट एक इंच. लेकीला कडेवर घेतलं, बूट चिखलाचे, परकर माझ्या तोंडावर, आणि तिने जाळी अशी हलक्या हाताने वरून पांघरली की मी केली असती तर नक्की फांदी मोडली असती.

डबीत घेतला. डबी म्हणजे आमची लॅबमधली असते तीच, पांढऱ्या झाकणाची, ज्याला पेशंट ज्यासाठी ओळखतात ती, पण ही मी स्वतः विकत घेतलेली आणि कोरी हे इथे नमूद करते. डबीत दोन मिनिटं फडफडला आणि शांत बसला. खिशातून दहापट भिंग काढलं. हात थरथरत होते, त्या अ‍ॅस्पेनच्या पानासारखे म्हटलं तर उगाच वाटेल, थंडीने थरथरत होते.

अंगावर दाट तपकिरी केस, जुन्या घोंगडीसारखे, पायांपर्यंत. वरचा पंख बऱ्यापैकी सपाट, पांढरं कमी. डोळा बारीक, लांबट. आणि मिशी. मोठ्या जातीच्या नराची मिशी जवळजवळ साध्या दोऱ्यासारखी असते. याच्या मिशीला दोन्ही बाजूंनी दाते होते, बारीक, फणीसारखे, मुळाशी लांब आणि टोकाकडे लहान लहान होत गेलेले. मी भिंग काढलं, चष्मा पुसला, परत बघितलं. मग लेकीला दिलं आणि काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं काय दिसतं. आमच्या लॅबमध्ये दुसरा बघणारा असाच बघतो, पहिल्याने काय लिहिलंय ते त्याला सांगायचं नसतं.

ती म्हणाली, "मिशीला कंगवा आहे."

मादी असती तर पुन्हा अडलं असतं, कारण दात्यांची ही खूण नराचीच. नशीब की नर निघाला. मोबाईल भिंगाला लावून सतरा फोटो काढले, त्यातले दोन बरे आले. ढग सरकला, डबीचं झाकण काढलं, तो काठावर चढला, पंख थरथरवून थरथरवून अंग गरम केलं आणि सरळ वर गेला, अ‍ॅस्पेनच्या दिशेने, बर्चकडे ढुंकूनही न बघता. तीन-चार आठवड्यांचा हा उडण्याचा खेळ. मग अंडी, मे-जूनमध्ये अळी दोन पानं धाग्याने एकमेकांना चिकटवून त्यांच्यामध्ये राहते, मग कुजक्या लाकडात नाहीतर सालीत कोष, आणि त्या कोषात उन्हाळा, शरद, हिवाळा सगळं काढून पुढच्या मार्चला बाहेर. काही तर एक हिवाळा सोडून दुसऱ्या हिवाळ्यानंतर निघतात. म्हणजे कदाचित हा २०२३ च्या त्या ढगाळ शनिवारी उडत असलेल्या कोणाचा तरी असेल, आणि मी तेव्हा खाली उभी राहून वैतागत होते.

मंडळात पोचलो साडेतीनला, चिखलाचे बूट दाराबाहेर, श्रीखंड निम्मं संपलेलं.

रात्री नोंद भरली. प्रजातीच्या रकान्यात पूर्ण नाव, झाडाच्या रकान्यात अ‍ॅस्पेन, टिपणात लिहिलं, नर, मिशांना दाते, दोघींनी स्वतंत्रपणे बघितलं, दुसऱ्या निरीक्षकाचं वय ९. तिसऱ्या दिवशी मेल आला. "दाते मलाही दिसले. मान्य. दुसऱ्या निरीक्षकाला माझा नमस्कार."

आईला फोन केला तेव्हा ती आमरसाच्या गोष्टी करत होती, यंदा पेटी केवढ्याला वगैरे. तिला गेली तीन वर्षं माहीत होतं की मुलगी कुठल्यातरी किड्याच्या मागे आहे.

"मग, सापडला का तुझा तो?"

"सापडला."

"काय नाव म्हणालीस?"

म्हटलं, नाव ग्रीक आहे, अर्थ नकली.

"नकली? अगं मग एवढं हिंडलीस ती नकलीसाठी? खरा कुठाय?"

"खरा काय, खरा झाडोझाड आहे इथे, आमच्या हॉस्पिटलच्या मागेसुद्धा असेल. नकलीच मिळत नाही."

ती जरा वेळ गप्प बसली. मागे कुकरची शिट्टी झाली.

"बरंय बाई तुमच्याकडे," ती म्हणाली, "इथे हापूसचं नेमकं उलटं आहे."